शिफारस म्हणजे निर्णय नव्हे



‘अमेरिकेने भारताला धर्मस्वातंत्र्याच्या काळ्या यादीत टाकले’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान चुकीचे आहे. २०२० पासून तशी शिफारस करतो आहे तो तिथला आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य आयोग, आणि तो केवळ सल्लागार. यादी ठरवते परराष्ट्र खाते. त्याने ही शिफारस मानलेली नाही.

पत्रलेखकाचा राग समजतो, पण खरी मेख दुसरीकडे आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक कायद्यानुसार परराष्ट्र खात्याने देशोदेशीच्या स्थितीचा वार्षिक अहवाल अमेरिकी काँग्रेसला द्यायचा. यादीतल्या देशावर काय कारवाई केली, की सूट दिली आणि का, हेही सरकारने कळवायचे. सौदी अरेबिया २००४ मध्ये यादीत आला. २००६ पासून त्याला कारवाईतून सूट! काही देशांच्या बाबतीत तर इतर कारणांसाठी आधीच लादलेले निर्बंध याच कारवाईच्या नावावर मांडले जातात. कायद्याला तेही चालते. २०१६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, अहवालाची तारीख १ मेवर आली. या पळवाटा मात्र शाबूत राहिल्या. पत्रलेखकांनी टीकेचा रोख तिकडे वळवावा.

— एक वाचक, डोंबिवली