फिरता खेळ, अडकलेले भांडवल

कर्वेनगरातून मुठेच्या काठाने जाणाऱ्या डीपी रस्त्यावर सणासुदीत मांडव उभे राहतात आणि वस्त्रे, हस्तकला, खाद्यपदार्थ यांच्या प्रदर्शनांना गर्दी लोटते. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदासाठी स्टेडियम भरून गेले, हेही सर्वांनी पाहिले. असे कार्यक्रम आणि फिरती प्रदर्शने भरवणाऱ्या कंपन्यांत आपली पुंजी गुंतवावी, असा मोह मध्यमवर्गीयास होणे स्वाभाविक आहे. परंतु गर्दी आणि नफा यांचे नाते दिसते तितके जवळचे नसते, याचा दाखला महाराष्ट्राच्या पदरी फार जुना आहे.

गावोगाव फिरणारी नाटक कंपनी हा या धंद्याचा मराठी पूर्वज होय. 1880 मध्ये पुण्यात किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बालगंधर्वांची लोकप्रियता वादातीत होती. तरीही उंची वस्त्रे, भव्य देखावे आणि कंपनीच्या मोठ्या बिऱ्हाडाचा खर्च यांपायी मंडळी कर्जात बुडाली. बालगंधर्वांनी ते कर्ज वर्षानुवर्षे खेळ करून फेडले. नाट्यगृह भरत होते, पण खेळ असो वा नसो, खर्च थांबत नव्हता. शिवाय कंपनीची खरी मत्ता एका माणसाच्या गळ्यात होती आणि ती कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नव्हती.

पुढे मराठी रंगभूमीने ‘नाइट’ची पद्धत स्वीकारली. नटाला प्रयोगागणिक मोबदला मिळू लागला आणि बारमाही पगाराचे ओझे उतरले. आजच्या कंपन्याही बरेचसे साहित्य भाड्याने आणतात. मात्र जोखीम नाहीशी झाली नाही. मैदानाचे भाडे, मांडव, ध्वनिव्यवस्था, परवाने, कलावंताची आगाऊ रक्कम हे सारे पहिला प्रेक्षक आत येण्यापूर्वीच द्यावे लागते. जागेचा मालक आपले भाडे घेऊन मोकळा होतो. भागधारकाची पाळी सर्वांत शेवटी येते.

परदेशांतील मोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. टायटॅनिक जहाजातील वस्तूंची प्रदर्शने भरवणाऱ्या अमेरिकेतील प्रीमियर एक्झिबिशन्सने 2016 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅनडातील सर्क द्यू सोलेलने 2020 च्या जूनमध्ये न्यायालयीन संरक्षण मागितले. साथीमुळे तिचे खेळ जगभर बंद पडले होते. महाराष्ट्रातही त्या वर्षीच्या मार्चमध्ये नाट्यगृहांना टाळे लागले. मध्यंतरी ती काही महिने अर्ध्या क्षमतेने उघडली, पुन्हा बंद झाली आणि अखेर 22 ऑक्टोबर 2021 रोजी खुली झाली. साथ नसली तरी निसर्ग असतोच. 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्याच्या विसर्गानंतर मुठेचे पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले. कर्वेनगर त्याच नदीच्या दुसऱ्या तीरावर आहे. नदीकाठच्या मैदानावर धंद्याचे वेळापत्रक आखणाऱ्याने पूररेषा आधी पाहिली पाहिजे.

म्हणून या धंद्याकडे पाठ फिरवावी, असे मुळीच नाही. लोकांना एकत्र जमण्याची हौस आहे आणि ती कोणत्याही पडद्याने भागत नाही. परंतु गुंतवणूकदाराने जाहिरातीतील गर्दीपेक्षा हिशेबाची वही पाहावी. कार्यक्रम रद्द झाल्यास विम्याचे संरक्षण किती? एका कलावंताविना कंपनी तग धरील काय? पावसाळ्याचे चार महिने कशावर निघतात? सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आगाऊ तिकीटविक्रीचा आहे. खेळ होईपर्यंत तो पैसा कंपनीचे उत्पन्न नसतो. ते प्रेक्षकांचे देणे असते. ती रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन शासनाने घालावे. कारण उद्याच्या तिकिटांवर कालची देणी भागवू लागलेली कंपनी बुडते, तेव्हा प्रेक्षक, कारागीर आणि भागधारक हे तिघेही बुडतात. बालगंधर्वांसारखे स्वतः राबून कर्ज फेडणारे मालक प्रत्येक पिढीच्या वाट्याला येत नाहीत.