तिवरांचा अर्क आणि खाचराचा बांध

ठाणे खाडीच्या काठी आणि डोंबिवली-कल्याणकडे उल्हास नदीच्या खाडीकिनारी ज्यांची भातखाचरे आहेत, त्या शेतकरी बांधवांच्या कानी अलीकडे एक वार्ता येऊ लागली आहे. तिवर, कांदळ, चिपी यांच्या पानांत व सालीत प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजे पेशींची झीज रोखणारी द्रव्ये आहेत, अशी ती वार्ता होय.

ती खोटी नव्हे. खारे पाणी, कडक ऊन आणि प्राणवायूविना असलेला चिखल यांच्या माऱ्यात या झाडांच्या पेशींत ऑक्सिजनची विध्वंसक रूपे निर्माण होतात. त्यांना निष्प्रभ करण्यास झाड टॅनिन, फ्लेव्होनॉइड यांसारखी द्रव्ये साठविते. पूर्वी सुताची जाळी कुजू नयेत म्हणून सालीच्या काढ्यात बुडवीत. तो गुण याच टॅनिनचा.

परंतु प्रयोगशाळेतील परीक्षा कशी असते, हे ग्राम कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. जांभळ्या रंगाच्या एका रसायनात अर्क मिसळतात; रंग जितका फिका पडेल, तितका अर्क प्रभावी मानतात. हा रंग आवळ्याने फिका होतो, आपल्या घरच्या चहानेही होतो! काचेच्या नळीत रंग उतरला म्हणून माणसाचा रोग उतरेल, असे मानणे धाडसाचे आहे. शिवाय कारखान्यांच्या सांडपाण्यातील जड धातू खाडीच्या गाळात साठतात व मुळांवाटे झाडात शिरतात. तिवरांतच वाढणाऱ्या गेव्याचा चीक डोळ्यांत गेल्यास तात्पुरते अंधत्व येते. असला पाला घरी उकळून पिऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सभोवार साल सोलली की झाड वाळते. आडोसा गेला की भरतीच्या लाटा थेट बांधावर येतात, आणि बांध फुटून खारे पाणी खाचरात शिरले तर मीठ धुऊन निघण्यास एक पावसाळा पुरत नाही. चार पैशांच्या सालीपायी भाताचे पीक गमावणारा हिशेब मला तरी उमगत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यातील कांदळवनाच्या तोडीस पूर्ण मनाई केली असून भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखावयाचा आहे. उत्पन्नच हवे असेल, तर २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत खेकडापालन व कालवपालन होते, त्याची चौकशी करावी. साल वा पाला विकत घेण्यास कोणी गावी आल्यास वनविभागाच्या कांदळवन कक्षास त्वरित कळवावे.