आळ आला म्हणजे दोष लागला काय?

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या परिसरातील आपल्या खेड्यांतून आज अनेक मुले-मुली महाविद्यालयात जाऊ लागली आहेत. कोणाचे वडील दुसऱ्याच्या शेतावर राबतात, कोणाची आई तंबाखूच्या वखारीत मजुरी करते; पुष्कळदा घरातून पदवीपर्यंत पोहोचणारे हे पहिलेच मूल असते. अशा घरी एखाद्या दिवशी निरोप येतो, की परीक्षेच्या वेळी भरारी पथकाने मुलाला पकडले, त्याच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली आणि उत्तरपत्रिका काढून घेतली. त्या रात्री त्या घरी कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही.

ज्याने खरोखरच कॉपी केली असेल त्याने अपराध कबूल करावा आणि होईल ती शिक्षा सोसावी. याविषयी दुमत नाही. तथापि आज आम्हांस लिहावयाचे आहे ते ज्याने काही केले नाही आणि तरीही ज्याच्यावर आळ आला अशा विद्यार्थ्याविषयी, आणि त्याहूनही अधिक त्याच्या आईवडिलांविषयी.

अशा प्रसंगी आपल्याकडे एक म्हण हमखास ऐकू येते : कर नाही त्याला डर कशाला? म्हण जुनी आहे, परंतु येथे ती दिशाभूल करते. अपराधी मनुष्य उत्तर तयार ठेवूनच आलेला असतो. निरपराध्याने मात्र उत्तराचा कधी विचारच केलेला नसतो. म्हणून तो गांगरतो, अडखळतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येते. आणि पाहणारे म्हणतात, पाहा, चेहराच सांगतो आहे! घाबरलेला चेहरा हा अपराधाचा पुरावा नव्हे, ही गोष्ट प्रथम आईवडिलांनी मनाशी पक्की करावी.

दुसरी गोष्ट अशी, की आळ घेणारा मनुष्य दुष्टच असतो असे नाही. निपाणीहून जवळच असलेल्या कोल्हापूरचा इतिहास याची साक्ष देतो. तेथील कारभारी माधवराव बर्वे हे छत्रपतींचा छळ करतात, असा आरोप टिळक आणि आगरकर यांच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी केला. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती न्यायालयात बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. एवढे विद्वान आणि निःस्वार्थी पुरुष! त्यांचा हेतू शुद्ध होता, परंतु हाती आलेला कागद खोटा होता. मग तीन तास उभा राहून थकलेल्या एखाद्या पर्यवेक्षकाला बाकाखालची चिठ्ठी कोणाची हे चुकीचे वाटणे अशक्य आहे काय? म्हणून त्याच्याशी भांडू नये, त्याला शिव्याशाप देऊ नयेत. तो चुकला असेल एवढेच नम्रपणे, परंतु ठामपणे सांगावे.

खरा धोका वेगळाच आहे. गडबडीत कोणीतरी मुलापुढे कागद ठेवतो आणि म्हणतो, “येथे सही कर, प्रकरण मिटून जाईल.” घरचेही त्याला दुजोरा देतात : “बाळा, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? माफी माग आणि मोकळा हो.” हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, हे आम्ही जाणतो. परंतु जे केले नाही त्याची कबुली लिहून दिली, की तीच कबुली त्याच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा ठरते. पुढे चौकशीत तो कितीही खरे बोलला तरी त्याच्याच हस्ताक्षरातील कागद त्याच्यापुढे धरला जातो. शिवाय खोटी कबुली ही स्वतःविरुद्ध दिलेली खोटी साक्षच होय. शांतता हवी म्हणून आपल्या मुलाला असत्यावर सही करावयास सांगणे, हे कोणत्या आईबापांना शोभेल?

कायदाही अशा विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडीत नाही. उत्तर प्रदेशात १९५४ मध्ये इंटरमीडिएट परीक्षेत तीन विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांना कळले, की गैरप्रकाराच्या आरोपावरून त्यांचा निकाल रद्द झाला असून पुढील वर्षीच्या परीक्षेलाही त्यांना बसता येणार नाही. त्यांना ना काही विचारले गेले होते, ना बाजू मांडण्याची संधी दिली गेली होती. ते न्यायालयात गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. परीक्षा मंडळाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. ते १९६२ मध्ये फेटाळले गेले. घनश्यामदास गुप्ता खटला या नावाने तो निर्णय प्रसिद्ध आहे. नियमांत तसे लिहिलेले नसले, तरी ज्या निर्णयाने विद्यार्थ्याच्या साऱ्या आयुष्यावर परिणाम होतो तो घेण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असे तत्त्व न्यायालयाने त्यात सांगितले.

परंतु या निर्णयाचा अर्थ ‘आता सिद्ध करून दाखवा’ म्हणून स्वस्थ बसावे, असा नव्हे. महाराष्ट्रातील १९९० च्या शालान्त परीक्षेत गुणांमध्ये फेरफार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा ते प्रकरणही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे १९९१ मध्ये निर्णय झाला, की अशा चौकशीत फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. परिस्थितीवरून जे अधिक संभवनीय दिसते तेवढे पुरे होते. म्हणजे गप्प राहणारा विद्यार्थी हरू शकतो. त्याने आपली बाजू तपशीलवार मांडलीच पाहिजे.

ती कशी मांडावी? पहिली गोष्ट, जबाब लिहावयास सांगितले तर तो स्वतःच्या शब्दांत लिहावा : चिठ्ठी माझी नाही, हस्ताक्षर माझे नाही, ती अमुक ठिकाणी पडलेली होती. न वाचलेल्या अथवा न समजलेल्या कागदावर सही करू नये. कागद कन्नड अथवा इंग्रजीत असेल आणि तो नीट कळत नसेल, तर समजावून सांगण्याची विनंती करावी. त्यात लाज नाही. दुसरी गोष्ट, त्याच दिवशी घरी अथवा वसतिगृहात बसून घडलेले सारे क्रमाने लिहून काढावे : वेळ, खोली, बैठक क्रमांक, पुढे-मागे कोण बसले होते, पर्यवेक्षक काय म्हणाले. महिन्याभराने आठवण पुसट होते. त्या दिवशीचा कागद पुसट होत नाही. तिसरी गोष्ट, कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यावे आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. आरोपाची, चिठ्ठीची आणि पर्यवेक्षकाच्या अहवालाची प्रत मागावी. चिठ्ठीतील मजकूर त्या दिवशीच्या प्रश्नांशी जुळतो का, तो उत्तरपत्रिकेत उतरला आहे का, हे पाहण्याची विनंती करावी. निरपराध्याचा खरा बचाव पुष्कळदा तेथेच असतो. आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा अधिकार माहितीच्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण असते : दाद कोठे मागावयाची? बेळगावच्या अनेक महाविद्यालयांचा कारभार पूर्वी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी जोडलेला होता. २०१० पासून बेळगावातच राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. उलट निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात मोडते आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. म्हणजे निपाणीत एकाच गल्लीतील दोन मुलांचे अर्ज दोन राज्यांतील दोन विद्यापीठांकडे जाऊ शकतात. म्हणून प्रथम प्रवेशपत्रावर विद्यापीठाचे नाव पाहावे. महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठात लोकपाल असावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे नियम सांगतात. तेथेही काही झाले नाही आणि न्यायालयाची पायरी चढावीच लागली, तर कर्नाटकातील महाविद्यालयासाठी उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर भागासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसू लागले आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मिळू शकतो.

हे सारे झाले कागदपत्रांचे. परंतु कागदाआधी घर येते. दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नाची कथा आपण जाणता. दोन वजनदार वडीलधाऱ्यांनी तिच्यावर आळ घेतला आणि साऱ्या सभेने तो खरा मानला, कारण बोलणारे प्रतिष्ठित होते. तरुण दानिएलने एवढेच केले, की दोघांना वेगवेगळे उभे करून एकच प्रश्न विचारला : कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन झाडे सांगितली आणि निरपराध स्त्रीचे प्राण वाचले. प्रश्न विचारणारा एक मनुष्य पुरेसा झाला. आपल्या मुलासाठी तो मनुष्य प्रथम आई अथवा बाप असला पाहिजे.

म्हणून निरोप येताच हात उगारू नका. “आमचे नाक कापलेस” असे म्हणू नका. त्याला जेवू घाला, जवळ बसवा आणि विचारा : “बाळा, काय झाले ते सुरुवातीपासून सांग.” मध्ये बोलू नका. त्याने केले असेल, तर तुमच्यापाशी ते कबूल करण्याचे धैर्य त्याला याच शांततेतून मिळेल. केले नसेल, तर एकटेपणात मुले कधीकधी भलताच विचार करतात, त्यापासून तो वाचेल. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर प्राचार्यांकडे जा. तुम्हांला इंग्रजी येत नसले तरी चालेल. तुम्ही त्याच्या शेजारी उभे आहात हे त्यांना दिसले पाहिजे.

शेजाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. विहिरीवर, दुकानात अथवा मिस्सानंतर आवारात उभे राहून “अमक्याचा मुलगा पकडला म्हणे” असे बोलण्यापूर्वी आठवी आज्ञा स्मरावी. चौकशी समिती महिन्या-दोन महिन्यांनी त्या मुलाला निर्दोष ठरवील. परंतु गावाने दिलेला निकाल रद्द करणारे न्यायालय नाही. तो मुलगा पुढच्या रविवारी मंदिरात आला, तर त्याला आपल्या बाकावर जागा करून द्यावी.