मॅट्रिक्स ऑप्शनला टाकू नका!

महाड-पोलादपूरच्या मित्रांनो, बीएस्सीला फिजिक्स घेऊन ‘पुढे काय?’ म्हणताय? केंद्राने २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यातलं सेन्सिंग आणि मोजमापाचं केंद्र आयआयटी मुंबईत, म्हणजे एका एसटीच्या अंतरावर आहे.

मोजमापात एवढं अवघड काय? एकमेकांत गुंतलेले, म्हणजे ‘एन्टँगल्ड’ असे दोन फोटॉन घ्या. प्रत्येकाला दोनच अवस्था असतील, तर जोडीचं पूर्ण वर्णन करायला १५ आकडे लागतात. दहा असतील तर ९,९९९! पण अवस्था वाढल्या की माहितीही जास्त मावते. म्हणून मोजक्याच मोजण्यांतून ही गुंतवणूक सिद्ध करायच्या युक्त्या शास्त्रज्ञ शोधतायत. त्यांचा पाया मॅट्रिक्सच. तो धडा पक्का करा.