उमेदीच्या वर्षांचे थकलेले वेतन

डिसेंबर २०११ मध्ये लॉस एंजेलिस एंजल्स या बेसबॉल संघाने अल्बर्ट पुहोल्स या फलंदाजाशी दहा वर्षांचा, २४ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा पुहोल्सला बत्तीस वर्षे पूर्ण होण्यास जेमतेम महिना उरला होता. त्यापूर्वीची अकरा वर्षे तो सेंट लुई कार्डिनल्सकडून खेळला होता. त्या काळात त्याने दर हजार संधींमागे सरासरी ३२८ यशस्वी फटके मारले. तीनदा तो आपल्या लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला आणि संघाने दोनदा वर्ल्ड सीरिज जिंकली. एंजल्सकडे आल्यावर हीच सरासरी २५६ वर उतरली. कराराचे शेवटचे, तीन कोटी डॉलर वेतनाचे वर्ष चालू असताना, मे २०२१ मध्ये, क्लबने त्याला मुक्त केले. या दहा वर्षांत एंजल्स फक्त एकदा, २०१४ साली, बाद फेरीत पोचले आणि तेथे तीन सामने लागोपाठ हरून परतले.

हा व्यवहार अविचारी खरेदीचा नमुना म्हणून नेहमी सांगितला जातो. मालक आर्टे मोरेनो नावाला भुलले, उतरणीला लागलेल्या माणसावर त्यांनी पैसा ओतला, असा त्याचा सारांश असतो. तो खोटा नाही. पण जमाखर्चाचे एकच पान वाचून काढलेला आहे. मागचे पान उलटले तर असे दिसते की, २००१ साली पुहोल्सने पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदिताचा बहुमान मिळवला, त्या वर्षी त्याचे वेतन दोन लाख डॉलर, म्हणजे नियमाने द्यावेच लागणारे किमान वेतन, एवढेच होते. पुढे २००४ मध्ये कार्डिनल्सने त्याच्याशी सात वर्षांचा दहा कोटींचा करार केला. रक्कम मोठी वाटते, पण तेवढ्यात त्यांना त्या पिढीतला बहुधा सर्वांत थोर फलंदाज, त्याच्या ऐन भरात, मिळाला.

ही विसंगती एका खेळाडूपुरती नाही. बेसबॉलच्या वेतनरचनेतच ती बसवलेली आहे. ड्राफ्टमधून निवडलेला तरुण प्रथम मायनर लीगमध्ये काही वर्षे उमेदवारी करतो. मुख्य संघात आल्यावर पहिली तीन वर्षे त्याला किती द्यायचे हे बहुतांशी क्लब ठरवतो. पुढील तीन वर्षे वेतनाचा वाद लवादापुढे नेता येतो. सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावरच तो मुक्त होऊन बाजारात उभा राहतो. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी मुख्य संघात आलेला मनुष्य अशा रीतीने तिशीच्या उंबरठ्यावर मुक्त होतो. आणि खेळाडूचा बहर साधारणतः सत्तावीस ते एकोणतीस या वयात येतो, हे आकडेवारी पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणजे श्रम सर्वांत मोलाचे असतात तेव्हा त्यांना भाव नाही, आणि भाव मिळतो तेव्हा मोल घसरणीला लागलेले असते.

सेवाज्येष्ठतेने वाढणारी वेतनश्रेणी आपल्याकडील शिक्षकांना आणि कारकुनांना नवी नाही. वेतनवाढ दरसाल मिळते. काम दरसाल वाढतेच असे नाही. एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञाने १९७९ साली याचे मार्मिक स्पष्टीकरण दिले होते. तरुणपणी कामापेक्षा कमी आणि उत्तरकाळात कामापेक्षा जास्त वेतन हा एक अलिखित करार असतो. आधी ठेवलेली रक्कम नंतर परत मिळते आणि त्या आशेने मनुष्य मन लावून काम करतो. पण कचेरीत किंवा शाळेत ठेव ज्याच्याकडे जमा झाली त्यानेच ती परत करायची असते. बेसबॉलमध्ये ठेव कार्डिनल्सकडे राहिली आणि हुंडी एंजल्सच्या दारात वटली. ज्याने कधी कर्ज घेतलेच नाही अशा माणसाने फेडीची रक्कम स्वखुशीने भरावी, यावर ही सारी व्यवस्था उभी होती. अशी व्यवस्था फार काळ टिकणे कठीणच.

ती आली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. एकेकाळी राखीव कलमामुळे खेळाडू आजन्म एका क्लबला बांधलेला असे. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्येच दाखवून दिले होते की, या कलमाने खेळाडूंची संघांमधील वाटणी बदलत नाही. गुण जेथे अधिक उत्पन्न देतो तेथेच तो जातो, फक्त त्याची किंमत खेळाडूऐवजी मालकाच्या खिशात पडते. जेराल्ड स्कली यांनी १९७४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा खेळाडूंना आपल्या योगदानाचा अल्पसा अंशच वेतनरूपाने मिळत असल्याचे दिसले. कर्ट फ्लडने १९६९ मध्ये आपली परस्पर झालेली बदली नाकारली आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. अखेर १९७५ च्या डिसेंबरात पीटर सायट्झ या लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने निर्णय दिला व राखीव कलम कोसळले.

येथे खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांच्या धोरणीपणाचा प्रसंग येतो. मिलर हे पूर्वी पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थशास्त्रज्ञ होते. सर्वच खेळाडू दरसाल मुक्त झाले तर बाजारात इतका पुरवठा येईल की भाव पडतील, हे त्यांनी ओळखले होते. मालकांपैकी ओकलंडचे चार्ली फिन्ली यांनाही ते कळले होते. ‘सर्वांनाच मुक्त करा’ असा त्यांचा आग्रह होता. सुदैवाने, म्हणजे मिलर यांच्या सुदैवाने, इतर मालकांनी फिन्ली यांना विक्षिप्त समजून दूर सारले. १९७६ च्या करारात सहा वर्षांची अट आली ती संघटनेच्या संमतीने. थोडे खेळाडू बाजारात, म्हणून त्यांना चढा भाव, आणि त्यांच्या भावाकडे बोट दाखवून लवादापुढे इतरांचा भाव, अशी ती साखळी होती. ती कित्येक वर्षे उत्तम चालली. परंतु तिचा भार साखळीच्या पहिल्या कडीवर, नवोदितांवर, पडला होता.

एंजल्सच्याच घरात याचे उदाहरण सापडते. पुहोल्स आला त्याच २०१२ च्या हंगामात माइक ट्राउट हा वीस वर्षांचा तरुण मुख्य संघात स्थिरावला. त्याने ३० होम रन मारले, ४९ बेस चोरले आणि तो सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढील वर्षासाठी क्लबने त्याला ५ लाख १० हजार डॉलर दिले. किमान वेतनाहून वीस हजार अधिक. त्या वर्षी पुहोल्सचे वेतन १ कोटी ६० लाख डॉलर होते. त्या दोघांत संघाला सामने कोण जिंकून देत होता, याविषयी मैदानावर बसलेल्या शाळकरी मुलालाही शंका नसावी.

एवढा स्वस्त आणि एवढा थोर खेळाडू हाती असताना क्लबने काय केले? वाचलेला पैसा पुन्हा तिशीच्या आसपास पोचलेल्यांवर लावला. डिसेंबर २०१२ मध्ये जॉश हॅमिल्टनशी पाच वर्षांचा साडेबारा कोटींचा करार झाला. २०१५ मध्ये उरलेल्या वेतनाचा मोठा भाग स्वतः सोसून त्याला जुन्या क्लबकडे परत धाडावे लागले. डिसेंबर २०१९ मध्ये अँथनी रेंडोनशी सात वर्षांचा साडेचोवीस कोटींचा करार झाला. दुखापतींनी तो असा ग्रासला की १६२ सामन्यांच्या कोणत्याही हंगामात त्याला ५८ हून अधिक सामने खेळता आले नाहीत आणि २०२५ मध्ये तो मैदानात उतरलाच नाही. दुखापत कोणालाही होते, हे मान्य. पण तिशीनंतर ती अधिक संभवते हे गृहीत धरूनच किंमत ठरवायची असते. ट्राउटलाही पुढे त्याचे देणे मिळाले. २०१९ चा त्याचा करार २०३० पर्यंतचा, ४२ कोटी ६५ लाखांचा आहे. आणि त्यानंतर तोही दुखापतींत सापडला; २०२४ मध्ये तो अवघे २९ सामने खेळला.

होतकरू खेळाडूंच्या बाबतीत या क्लबचे वर्तन आणखी चमत्कारिक आहे. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये त्याने वीसच्या वीस जागा पिचरांवर खर्च केल्या. नोलन शॅन्युएल या तरुणाला जुलै २०२३ मध्ये निवडून ऑगस्टमध्येच मुख्य संघात उभे केले. ज्याच्या कोठारात धान्य नाही तो शेतातले हिरवे कणीसच कापू लागतो, तशी ही घाई आहे. त्याच २०२३ च्या जुलैत शोहेई ओहतानीच्या कराराचे शेवटचे तीन महिने उरले होते. त्याला दुसऱ्या संघाकडे देऊन बदल्यात चार-पाच गुणी तरुण घेणे शक्य होते. क्लबने उलट आपल्याकडचे दोन होतकरू देऊन शिकागो व्हाइट सॉक्सकडून दोन पिचर घेतले. ऑगस्टमध्ये संघ कोसळला आणि महिनाअखेर त्या दोघांनाही सोडून दिले. ओहतानी डिसेंबरात ७० कोटी डॉलरच्या करारावर शेजारच्या डॉजर्सकडे गेला. पुढील हंगामात एंजल्सने ९९ सामने गमावले, जो त्यांच्या इतिहासातील नीचांक होय. २०१४ नंतर २०२५ पर्यंत बाद फेरी त्यांना दिसलेली नाही.

मालकाला याची झळ लागत नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. २००३ ते २०१९ या प्रत्येक हंगामात एंजल्सच्या मैदानावर तीस लाखांहून अधिक प्रेक्षक आले. पुहोल्सचा सहाशेवा होम रन त्यांनी डोळ्यांनी पाहिला. नाव विकले जात होते. सामने हरले तरी तिकिटे खपत होती. मोरेनो यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

याउलट कार्डिनल्स. पुहोल्स गेल्याची भरपाई म्हणून त्यांना एंजल्सची ड्राफ्टमधील पहिल्या फेरीची जागा मिळाली. तिच्यातून २०१२ मध्ये त्यांनी मायकेल वाका हा पिचर निवडला. पुढच्याच वर्षी वाकाने त्यांना वर्ल्ड सीरिजच्या दारापर्यंत नेले. अशा क्लबांचे कौतुक होते आणि ते रास्त आहे. मात्र या शहाणपणातला बराच भाग तरुणाच्या बांधलेल्या हातांतून येतो, याचा उल्लेख कौतुक करणारे सहसा करीत नाहीत. १७२ दिवस भरले की सेवेचे एक वर्ष धरले जाते. २०१५ मध्ये शिकागो कब्सने ख्रिस ब्रायंट या सर्वांना ठाऊक असलेल्या गुणी फलंदाजाला, क्षेत्ररक्षण सुधारायचे आहे असे सांगून, हंगामाचे पहिले काही दिवस मायनर लीगमध्ये ठेवले. हंगामअखेर त्याचे १७१ दिवस भरले. एका दिवसासाठी त्याची मुक्ती एक वर्षाने लांबली. त्याने तक्रार केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली.

पुहोल्सच्या करारापासून सर्वच क्लबांनी धडा घेतला. २०१७-१८ आणि २०१८-१९ च्या हिवाळ्यांत तिशीतले अनेक नामवंत खेळाडू सराव शिबिरे सुरू होईपर्यंत करारावाचून ताटकळले. क्लबांचे म्हणणे तर्काला धरून होते: भविष्यातील कामाचे पैसे घ्या, भूतकाळाचे आम्ही का द्यावेत? पण मग भूतकाळाचे कोण देणार? उमेदीत कमी, उतरणीत भरपाई, हा जुना सौदा मालकांनी दुसऱ्या टोकाला मोडला आणि पहिल्या टोकाला जसाच्या तसा ठेवला. ओहतानीसारख्या मूठभरांच्या प्रचंड रकमा ठळक मथळ्यांत येतात; मधल्या फळीतील खेळाडू तीन-चार वर्षे किमान वेतनावर खेळून, मुक्त होण्याआधीच, शांतपणे नाहीसा होतो.

या बाबतीत संघटनेलाही निर्दोष म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये, म्हणजे पुहोल्सच्या कराराच्या आदल्याच महिन्यात, तिने ड्राफ्टमधील तरुणांना देण्याच्या रकमांवर बंधने घालणारा करार स्वीकारला. ज्यांचे अद्याप मत नाही त्यांचा हक्क देऊन सभासदांसाठी सवलत मिळवणे, हा संघटनांचा जुना मोह आहे. मायनर लीगमधील हजारो तरुण २०२२ पर्यंत संघटनेबाहेरच होते. २०१८ च्या एका कायद्याने त्यांना किमान वेतनाच्या संरक्षणातूनही बहुतांशी वगळले होते. ते सभासद झाल्यावर २०२३ च्या पहिल्याच करारात वरच्या पायरीवरील खेळाडूचे किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेले. दुपटीहून अधिक वाढ एका सहीने देता येते, यावरून आधीचे वेतन किती कृत्रिम होते ते कळते.

मुख्य लीगमध्ये ९९ दिवसांच्या टाळेबंदीनंतर मार्च २०२२ मध्ये झालेल्या समझोत्याने किमान वेतन सात लाख डॉलर केले आणि लवादापूर्वीच्या वर्षांतील उत्तम खेळाडूंसाठी दरसाल पाच कोटींचा निधी ठेवला. तीस क्लबांत वाटला तर हा निधी प्रत्येकी सतरा लाखांच्या आत बसतो. सर्वोत्तम नवोदितांच्या निवडीत पहिले दोन क्रमांक मिळवणाऱ्यांना पूर्ण वर्षाची सेवा देण्याचे कलमही आले. ब्रायंटसारख्यांची एका दिवसाची फसगत त्यामुळे टळेल. पण तीन वर्षे व सहा वर्षे या मूळ मुदतींना हात लागला नाही.

आयपीएलच्या लिलावाशी तुलना केली तर हा भेद उघड होतो. तेथे संघाच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे; परंतु नवोदिताची किंमत बोलीने ठरते. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला एक कोटी दहा लाख रुपये मिळाले, ते एकाहून अधिक संघांना तो हवा होता म्हणून. अमेरिकेत, जेथे खुल्या स्पर्धेचा घोष सर्वांत मोठा, तेथे तरुण खेळाडूसाठी दुसरा ग्राहकच नसतो.

२०२२ च्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ ही आहे. मालकांचा रोख एकूण वेतनाला कमाल मर्यादा घालण्याकडे आहे आणि संघटनेचा तिला पूर्वापार विरोध आहे. त्या वादात खेळाडूंनी लवादाची पायरी तीनऐवजी दोन वर्षांवर आणि मुक्तीची पायरी पाचवर आणण्याची मागणी लावून धरावी. अशी मुक्ती पाचव्या वर्षी मिळाली तर मिलर यांची पुरवठ्याची भीती थोडी खरी होईल आणि काही ज्येष्ठांचे भाव उतरतील. ते भाव तसेही उतरलेच आहेत. निदान आता उतरलेला पैसा तरुणांकडे वळेल. यासाठी संघटनेतील ज्येष्ठांनाच आपल्या वाट्यातले काही सोडण्याच्या बाजूने मत द्यावे लागेल.