थरारपटाच्या जाती
कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ (१९२०) या पौराणिक चित्रपटानंतर ‘सावकारी पाश’ (१९२५) हा सामाजिक चित्रपट दिला, तेव्हाच चित्रप्रकार, म्हणजे विषय, मांडणी आणि प्रेक्षकाची अपेक्षा यांवरून ठरणारा चित्रपटांचा वर्ग, येथील रसिकांच्या परिचयाचा होऊ लागला. थरारपटाचे मर्म मात्र विषयापेक्षा प्रेक्षकाच्या मनावरील ताणात असते. रहस्यपट उत्तर दडवून कुतूहल वाढवतो, तर उत्कंठापट संकट आधीच दाखवून ते टळेल की नाही, या धास्तीत प्रेक्षकाला खिळवतो. मृत मानलेली पत्नी आपणच असल्याचा दावा करणाऱ्या स्त्रीभोवती फिरणारा राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) रहस्य आणि मानसिक द्वंद्व एकत्र गुंफतो. हे भेद जाणणारा प्रेक्षकच सकस मराठी थरारपटाचा आग्रह धरू शकतो, म्हणून प्रस्तुत अंक या अभ्यासाला वाहिला आहे.