शेजारी सरकारी शाळा आहे म्हणून

2019 साली कर्नाटकातल्या कुमारस्वामी सरकारने शाळांविषयी दोन निर्णय अमलात आणले. 1,000 सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग उघडले. आणि परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळांना शिक्षणहक्क कायद्याखालचे 25 टक्के प्रवेश देण्याचे बंधन नाही, असा नियम केला. पहिल्या निर्णयावर रान उठले. धारवाडच्या कन्नड साहित्य संमेलनात अध्यक्ष चंद्रशेखर कंबार यांनी मुख्यमंत्र्यांसमोरच विरोध मांडला. दुसऱ्या निर्णयाविरुद्ध पालक उच्च न्यायालयात गेले आणि 31 मे 2019 रोजी हरले.

बंगळुरूसारख्या शहरात या दुसऱ्या नियमाचा अर्थ सरळ होता. इथे हाकेच्या अंतरावर कुठली ना कुठली सरकारी वा अनुदानित शाळा असतेच. राज्यभरातल्या लाखाहून अधिक राखीव जागा काही हजारांवर आल्या. घरकाम करणाऱ्या बाईच्या, रिक्षाचालकाच्या मुलासाठी जे दार 2012 मध्ये उघडले होते, ते सात वर्षांत लोटले गेले.

नियमाच्या समर्थकांचे म्हणणे असे: सरकार स्वतःच्या पैशाने खासगी शाळा पोसते आणि सरकारी शाळा ओस पडतात. हे सांगणाऱ्यांत सरकारी शाळांसाठी आयुष्य वेचलेली माणसेही आहेत, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. पण ते तपासले की टिकत नाही.

पैशाचे आधी पाहू. सरकारी शाळेत एका मुलामागे जेवढा खर्च होतो त्यापेक्षा जास्त परतावा खासगी शाळेला देण्याचे बंधन कायदा सरकारवर घालत नाही. शाळेची फी त्याहून कमी असेल तर तेवढीच रक्कम द्यायची.

शाळा ओस पडण्याची सुरुवातही या कायद्याने झाली नाही. 1994 च्या आदेशाने चौथीपर्यंत मातृभाषेतून किंवा कन्नडमधून शिकवण्याची सक्ती केली, तरी कन्नड माध्यमाची परवानगी घेऊन शाळा इंग्रजीतून शिकवत राहिल्या. 2006 मध्ये सरकारने अशा दोन हजारांहून अधिक शाळांवर मान्यता काढण्याची कारवाई केली, तेव्हा शिक्षणहक्क कायदा जन्मलाही नव्हता. अखेर 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माध्यमाची सक्ती घटनाबाह्य ठरवली. पालक इंग्रजीकडे केव्हाच निघाले होते. 2019 च्या नियमाने ज्यांच्याकडे फी होती त्यांना अडवले नाही. अडवले फक्त गरिबांना.

दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही: ही मुले ‘त्या’ शाळांत रुळणार नाहीत. 2012 मध्ये खासगी संस्थाचालकांच्या संघटनेने या प्रवेशांविरुद्ध शाळा बंद ठेवल्या. त्याच जुलैत नंदिनी लेआउट भागातल्या एका शाळेत या कोट्यातल्या मुलांचे केस ओळखीसाठी कापल्याचा आरोप झाला आणि शहर हादरले. रुळायचे कोणी, हा प्रश्न त्या मुलांना विचारणे अन्यायाचे आहे.

राहिला कन्नडचा प्रश्न. ती काळजी खरी आहे, आणि तिचा मार्गही कर्नाटकाने शोधला आहे. 2015 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत कन्नड हा विषय सक्तीचा झाला. गरिबाला शाळेबाहेर ठेवून भाषेचे एक अक्षरही वाचत नाही.

मग उभे काय करायचे? दोन्ही. सरकारी शाळांत शिक्षक, बालवाडी, कन्नडसोबत चांगले इंग्रजी. आणि खासगी शाळांत चौथा हिस्सा जागा. कोठारी आयोगाने 1966 मध्ये सुचवलेल्या शेजारशाळेत श्रीमंत-गरीब मुले एका वर्गात बसणार होती. त्या कल्पनेचा हाच एक तुकडा आज कायद्यात आहे. त्यात उणिवा आहेत: हक्क आठवीला संपतो, परतावा रखडतो. त्या दुरुस्त करायच्या असतात; हक्कच काढून घ्यायचा नसतो.

महाराष्ट्राच्या वाचकाला ही गोष्ट परकी नाही. 9 फेब्रुवारी 2024 रोजी आपल्या सरकारनेही तसाच, एक किलोमीटरचा नियम आणला. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलैला तो रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मूळ कायद्यात नसलेली सूट राज्याला नियमातून देता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. कर्नाटक सरकारला 2019 चा नियम मागे घ्यायला न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय आणि एक अधिसूचना पुरेशी आहे, आणि ती पुढच्या प्रवेशांआधी निघाली पाहिजे.